रसायन बदलले की आलेखही बदलतो

सिकलसेलच्या वाहकाच्या डीएनएचा आलेख समोर ठेवला, तर एका जागी दोन शिखरे एकमेकांवर आलेली दिसतात. बीटा-ग्लोबिन जनुकात त्या ठिकाणी एका गुणसूत्रावर जीएजी ही तीन अक्षरे असतात आणि दुसऱ्यावर जीटीजी. मधल्या अक्षराच्या जागी हिरव्या रंगातले ए आणि लाल रंगातले टी, अशी दोन्ही शिखरे साधारण निम्म्या उंचीची आली, की दोषाची एक प्रत आहे आणि एक निरोगी आहे, हे कळते. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत या आजाराचे वाहक बरेच आहेत. त्यांची प्राथमिक तपासणी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने होते. पण शंका उरली, की डीएनएचा क्रम वाचूनच ती फेडावी लागते.

हा क्रम वाचला जातो तो बहुतेक वेळा साखळी-समाप्ती पद्धतीने, म्हणजेच सँगर पद्धतीने. जनुकांच्या तपासणीत तिचा निकाल आजही प्रमाण मानला जातो. मात्र त्या निकालातल्या शिखरांची उंची, त्यांच्यातले अंतर, ती कुठपर्यंत स्पष्ट राहतात आणि कुठे विरतात, हे सगळे नमुन्यातल्या डीएनएइतकेच नळीत घातलेल्या रसायनांवरही अवलंबून असते. विकर बदला, रंग बदला, एखादा न्यूक्लिओटाइड बदला किंवा नुसते द्रावण पातळ करा. त्याच डीएनएचा आलेख वेगळा दिसेल. म्हणून आलेख वाचताना त्यातले किती डीएनएचे आहे आणि किती रसायनांचे, हे ओळखता आले पाहिजे.

थांबणाऱ्या साखळ्या

फ्रेडरिक सँगर, स्टीव्ह निकलेन आणि ॲलन कूलसन यांनी ही पद्धत केंब्रिजच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत बसवली आणि डिसेंबर १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा आधार आठ वर्षे जुना होता. आर्थर कॉर्नबर्ग यांच्या गटाने १९६९ मध्ये दाखवले होते, की डायडीऑक्सी प्रकारचा न्यूक्लिओटाइड जोडला गेला की डीएनएची साखळी तिथेच थांबते. साध्या न्यूक्लिओटाइडच्या शर्करेवर तीन-प्राइम जागी एक हायड्रॉक्सिल गट असतो आणि पुढचा न्यूक्लिओटाइड तिथेच जोडला जातो. डायडीऑक्सीमध्ये तो गट नसतो, त्यामुळे साखळीला पुढे वाटच उरत नाही.

ज्या डीएनएचा क्रम हवा असतो त्याला साचा म्हणतात. त्याच्यावर एक छोटा प्रायमर बसवतात, पॉलिमरेझ हे विकर घालतात आणि चारही साधे न्यूक्लिओटाइड पुरवतात. त्यांच्यातच थोडे डायडीऑक्सी मिसळलेले असतात. लाखो साखळ्या एकाच वेळी वाढू लागतात. कोणती साखळी कुठे थांबेल हे योगायोगावर असते, पण साखळ्या इतक्या असतात की प्रत्येक अक्षरापाशी काही ना काही थांबतातच. मग लांबीनुसार त्या वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीचे शेवटचे अक्षर पाहिले, की क्रम समोर येतो. या पद्धतीने १९७८ मध्ये फाय-एक्स १७४ या विषाणूचा ५,३८६ अक्षरांचा क्रम पक्का झाला. सँगर यांना १९८० मध्ये रसायनशास्त्राचे दुसरे नोबेल मिळाले ते याच कामासाठी.

प्रमाण चुकले की वाचन आखडते

सगळ्यात पहिले रसायन म्हणजे ही थांबवणारी अक्षरे. त्यांचे साध्या अक्षरांशी असलेले प्रमाण हाच या पद्धतीचा कणा. डायडीऑक्सी जास्त झाले तर साखळ्या लवकर थांबतात. सुरुवातीची शिखरे उंचच उंच येतात, पुढे ती झपाट्याने खाली येतात आणि दोन-तीनशे अक्षरांनंतर हाती काही लागत नाही. कमी झाले तर उलटे होते. बहुतेक साखळ्या न थांबता लांब जातात आणि प्रायमरजवळची अक्षरे फिकी पडतात.

तयार किटमध्ये हे प्रमाण कंपनीने जुळवलेलेच असते. तरी ते नकळत बिघडते, कारण साच्याबरोबर दुसरीही अक्षरे आत येतात. पीसीआरने वाढवलेल्या डीएनएमध्ये त्या पीसीआरचे शिल्लक न्यूक्लिओटाइड आणि प्रायमर असतात. ते साफ न करता नमुना तसाच घातला, तर साध्या अक्षरांची भर पडून थांबवणाऱ्यांचा वाटा घटतो. शिवाय पीसीआरचे दोन्ही प्रायमर कामाला लागल्याने दोन क्रम एकमेकांत मिसळतात. म्हणून आधी एक्झोन्यूक्लिएज-१ आणि कोळंबीपासून मिळणारे अल्कलाइन फॉस्फेटेज ही दोन विकरे वापरतात. पहिले उरलेले प्रायमर कुरतडते, दुसरे उरलेले न्यूक्लिओटाइड निकामी करते. ही पायरी स्वस्त आहे आणि तीच गाळली तर मागून कितीही महागडे किट वापरा, आलेख सुधारत नाही.

साचा जास्त झाला तरी असेच होते. रसायने लहान साखळ्यांवरच खर्ची पडतात आणि आलेख उताराला लागतो. ‘डीएनए भरपूर घाला, म्हणजे संकेत चांगला येईल’ हा समज या कामात हमखास अंगाशी येतो.

एका हायड्रॉक्सिलचा फरक

सँगर यांच्या मूळ प्रयोगात ई. कोलाय जीवाणूच्या डीएनए पॉलिमरेझ-१ चा क्लेनो तुकडा वापरला होता. काही अक्षरे जोडली की तो साच्यावरून सुटतो, आणि डायडीऑक्सी जोडायला त्याची फारशी तयारी नसते. त्यामुळे जेलवरचे पट्टे (तेव्हा शिखरांऐवजी तेच वाचत) कुठे गडद तर कुठे फिके येत. फिका पट्टा म्हणजे तिथे अक्षर आहे की नाही, याचा निर्णय वाचणाऱ्याच्या नजरेवर सोपवला जाई.

हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील स्टॅन टेबर आणि चार्ल्स रिचर्डसन यांनी १९८७ मध्ये टी-७ विषाणूचे पॉलिमरेझ पुढे आणले. हे विकर एकदा साच्यावर बसले की हजारो अक्षरे न सुटता जोडते. त्याला एक सवय मात्र होती. जोडलेली अक्षरे ते मागून खातही असे. रासायनिक प्रक्रियेने ती सवय घालवली आणि ‘सिक्वेनेझ’ या नावाने ते प्रयोगशाळांत पोहोचले. साचा तोच, प्रायमर तोच, पण पट्टे एकसारखे दिसू लागले.

मग उष्णता सोसणाऱ्या टॅक पॉलिमरेझचा काळ आला. टॅकमुळे साचा पुन्हा पुन्हा तापवून, थंड करून तीच प्रक्रिया अनेक फेऱ्यांत करता येऊ लागली आणि अगदी थोड्या डीएनएवर भागू लागले. अडचण एकच होती. टॅक डायडीऑक्सी अक्षरांना फारसे जवळ करत नाही, त्यामुळे ती भरपूर घालावी लागत आणि तरीही शिखरे वेडीवाकडी येत.

या अडचणीवरचा उपाय १९९५ मध्ये टेबर आणि रिचर्डसन यांनीच दाखवला, आणि या साऱ्या इतिहासातला सगळ्यात देखणा तपशील मला तोच वाटतो. टॅकच्या साखळीत ६६७ व्या जागी फिनाइलॲलॅनिन हे अमिनो आम्ल असते. टी-७ च्या विकरात त्याच्या जागी टायरोसिन असते. या दोन अमिनो आम्लांत फरक फक्त एका हायड्रॉक्सिल गटाचा. टॅकमध्ये तेवढा बदल केला, आणि डायडीऑक्सीबाबतचा त्याचा दुजाभाव शेकडो ते हजारो पटींनी कमी झाला. म्हणजे ज्या अक्षरात एक हायड्रॉक्सिल कमी आहे, ते स्वीकारण्यासाठी विकराला एक हायड्रॉक्सिल जादा द्यावा लागला. आजची बहुतेक किटे याच बदललेल्या टॅकवर चालतात.

याच जोडीने आणखी एक बारकावा टिपला. डीएनए वाढताना पायरोफॉस्फेट बाहेर पडते. ते साठले की प्रक्रिया उलटी फिरू शकते, शेवटचे अक्षर सुटून येते आणि काही ठिकाणचे पट्टे गायब होतात. पायरोफॉस्फेटेज नावाचे विकर थोडे घातले की पायरोफॉस्फेट मोडते आणि गेलेले पट्टे परत येतात. आज ते किटमध्ये घालूनच येते, त्यामुळे त्याची आठवणही कोणाला होत नाही.

धातूचा आयन

पॉलिमरेझला काम करायला मॅग्नेशियम लागते. टेबर आणि रिचर्डसन यांनी १९८९ मध्ये दाखवले, की मॅग्नेशियमऐवजी मँगनीज दिले तर ही विकरे डायडीऑक्सी अक्षरे अधिक सहज घेतात आणि टी-७ च्या पट्ट्यांची तीव्रता जवळजवळ सारखी होते. विकर बदलले नाही, अक्षरे बदलली नाहीत. फक्त धातू बदलला आणि जेलचे रूप पालटले.

याच मुद्द्याची दुसरी बाजू रोजच्या कामात दिसते. डीएनए टिकावा म्हणून तो अनेकदा टीई द्रावणात ठेवतात. त्यातले ईडीटीए मॅग्नेशियमला धरून ठेवते. तयार किटच्या प्रक्रियेत मॅग्नेशियम असते जेमतेम २ मिलिमोलर. टीई द्रावणात ईडीटीए १ मिलिमोलर असते. २० मायक्रोलिटरच्या प्रक्रियेत असा नमुना १० मायक्रोलिटर घातला, तर मॅग्नेशियमचा चौथा हिस्सा तिथेच अडकतो. विकर सुस्तावते, संकेत उतरतो आणि दोष मात्र नमुन्याला दिला जातो. म्हणून क्रमनिर्धारणासाठी द्यायचा डीएनए पाण्यात किंवा ईडीटीए नसलेल्या ट्रिस द्रावणात विरघळवावा.

खुणेचे रंग

साखळ्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर काही खूण लागते. सुरुवातीला ती फॉस्फरस-३२ ची होती. त्याचे किरण जोरकस, म्हणून फिल्मवर पट्टे पसरट उमटत. १९८३ मध्ये गंधक-३५ वापरात आले. त्याच्या किरणांची ऊर्जा फॉस्फरसच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी. पट्टे रेखीव झाले, जवळजवळचे दोन पट्टे वेगळे दिसू लागले आणि एकाच जेलवरून अधिक अक्षरे वाचता येऊ लागली. अर्धायुष्यही चौदा दिवसांवरून सत्त्याऐंशी दिवसांवर गेले, त्यामुळे रसायन महिनोन् महिने वापरता येऊ लागले.

त्यानंतर चमकणारे रंग आले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये लिरॉय हूड यांच्या गटाने १९८६ मध्ये चार रंगांचे प्रायमर वापरून यंत्राने क्रम वाचला. पुढच्याच वर्षी ड्यूपाँ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी प्रायमरऐवजी थांबवणाऱ्या अक्षरांनाच रंग जोडले. या दोन वाटांनी मिळणारे आलेख आपापल्या परीने वेगळे असतात. प्रायमर रंगीत असला की शिखरे समान उंचीची येतात. पण वाटेत विकर दमून थांबले, तरी ती साखळीही चमकते आणि खोटे शिखर दिसते. शिवाय चार अक्षरांसाठी चार नळ्या लागतात. थांबवणारे अक्षर रंगीत असले, तर खरोखर त्या अक्षराने थांबलेली साखळीच चमकते आणि एका नळीत काम होते. मात्र रंगाचा मोठा रेणू अक्षराला चिकटलेला असल्याने विकर प्रत्येक ठिकाणी ते सारख्याच सहजतेने घेत नाही, आणि शिखरांची उंची शेजारच्या अक्षरांवर अवलंबून राहते.

बदललेल्या टॅकसोबत सुरुवातीचे रंगीत डायडीऑक्सी वापरले, की ए च्या पाठोपाठ येणाऱ्या जी चे शिखर ठेंगणे येई. ही खोड सर्वांच्या परिचयाची होती. आता वाहकाचा विचार करा. अशा जागी दोनपैकी एकाच प्रतीत जी असेल, तर आधीच ठेंगणे असलेले शिखर निम्मे होते आणि पायाशी असलेल्या गोंगाटात हरवू शकते. यंत्र तिथे एकच अक्षर नोंदवते आणि वाहक निरोगी ठरतो. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या धाग्यावरूनही वाचन करणे. तिथे जी ची जागा सी घेते, शेजारची अक्षरेही बदलतात आणि लपलेले शिखर वर येते. निदानाच्या कामात दोन्ही धागे वाचण्याचा आग्रह धरतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

१९९७ मध्ये आलेल्या बिगडाय रंगांनी उंचीची ही तफावत बरीच कमी केली. त्यांत प्रत्येक अक्षरावर दोन रंग असतात. एक लेसरचा प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा दुसऱ्याला देतो. दुसरा आपल्या रंगात चमकतो. त्यामुळे संकेत उजळ झाला. पण याच घराण्याच्या दोन आवृत्त्याही एकमेकींसारख्या नाहीत. १.१ आवृत्ती प्रायमरजवळची अक्षरे नीट दाखवते, ३.१ लांबच्या वाचनासाठी जुळवलेली आहे. दोघींचे रंगसंचही वेगळे. यंत्रात पहिलीसाठी ई आणि दुसरीसाठी झेड निवडावा लागतो. किट बदलले आणि यंत्रातली निवड जुनीच राहिली, तर एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. खऱ्या शिखराखाली खोटे शिखर उगवते, आणि ते वाहकाच्या दुहेरी शिखरासारखेच दिसते.

जी आणि सी यांची मिठी

जेल किंवा केशनळी साखळ्यांना लांबीनुसार वेगळे करते, पण ती साखळी सरळ असेल तरच. जी आणि सी यांच्यात तीन हायड्रोजन बंध असतात. ही अक्षरे दाटीने असतील तर साखळीचे टोक स्वतःवरच दुमडते. दुमडलेली साखळी आपल्या लांबीच्या मानाने वेगाने पळते, दोन-तीन अक्षरांची शिखरे एकमेकांवर चढतात आणि मधले एखादे अक्षर गिळले जाते.

मिल्स आणि क्रेमर यांनी १९७९ मध्ये यावर तोड सुचवली. जी च्या जागी इनोसिनचा न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीआयटीपी वापरायचा. इनोसिन सी शी दोनच बंध जोडतो, म्हणून दुमड सैल राहते. १९८६ मध्ये ७-डीअझा-जी हा दुसरा पर्याय आला. त्यात वलयातल्या एका नायट्रोजनच्या जागी कार्बन असतो. बिगडाय किटांत साध्या जी ऐवजी डीआयटीपीच असते, त्यामुळे शिखरे चढण्याचा त्रास फारसा उरत नाही.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. इनोसिन जोडताना विकराची गती मंदावते, म्हणूनच या किटांत साखळी वाढवण्याची पायरी नेहमीच्या ७२ अंशांऐवजी ६० अंशांवर आणि चार मिनिटे चालते. साच्यात घट्ट दुमड असेल तर त्या तापमानाला ती उकलत नाही. विकर तिथे अडखळते आणि आलेख कड्यावरून कोसळल्यासारखा एकाएकी खाली येतो. अशा साच्यांसाठी साधा जी असलेले किट वेगळे मिळते. ते दुमडीतून पार जाते, पण शिखरे एकमेकांवर चढण्याचा जुना त्रास परत आणते. बीटेन किंवा डीएमएसओ थोडे घातले तरी दुमड सैल होते. डीएमएसओ जास्त झाले मात्र, की विकरच मलूल पडते. कोणता साचा आहे हे पाहून कोणता तोटा पत्करायचा, हे ठरवावे लागते. सगळ्यांना पुरून उरेल असे एकच मिश्रण नाही.

काटकसर आणि सफाई

किट महाग, म्हणून सगळीकडे ते पातळ करून वापरतात. २० मायक्रोलिटरच्या प्रक्रियेला कंपनी ८ मायक्रोलिटर मिश्रण सांगते. कित्येक प्रयोगशाळा त्याच्या आठव्या हिश्श्यावर काम भागवतात. साचा शुद्ध आणि मोजून घेतलेला असेल, तर हे चालते. पातळ करायला मात्र त्यासाठीचे बफर हवे. नुसते पाणी घातले तर रंग आणि विकराबरोबर मॅग्नेशियमही पातळ होते आणि आम्लता ढळते. आणि फार पातळ केले तर आधी शेपूट जाते. पहिली तीन-चारशे अक्षरे झकास दिसतात, पाचशेच्या पुढे शंका सुरू होते.

प्रक्रिया संपल्यावर उरलेले रंगीत अक्षर धुऊन काढावे लागते. अल्कोहोलने डीएनए खाली बसवताना त्याचे प्रमाण चुकले, तर न वापरलेला रंग मागे राहतो आणि आलेखाच्या सुरुवातीला, साधारण ६० ते १२० अक्षरांच्या पट्ट्यात, पसरट डाग उठतात. त्यांच्याखाली खरी शिखरे दबतात. मीठ उरले तर वेगळीच गोष्ट घडते. केशनळीत नमुना विजेच्या ओढीने शिरतो, आणि मिठाचे आयन डीएनएच्या आधी आत घुसतात. नमुना ज्यात विरघळवतात ते फॉर्मामाइड जुने झाले, तर त्यात आयन तयार होतात आणि परिणाम तोच. प्रक्रिया उत्तम होऊनही संकेत दुबळा येतो.

बदल करावा कसा

रसायन बदलण्याची वेळ प्रत्येक प्रयोगशाळेवर येते. किटची आवृत्ती बदलते, पुरवठा थांबतो, पैसे वाचवायचे असतात. त्या वेळी दोन पथ्ये पाळली तर बहुतेक घोटाळे टळतात. पहिले, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दुसरे, क्रम पूर्ण माहीत असलेला नियंत्रण-साचा प्रत्येक वेळी सोबत चालवावा. किटबरोबर येणारे पीजीईएम प्लाझ्मिड त्यासाठीच असते. त्याचा आलेखही बिघडला तर दोष रसायनांत शोधावा. तो चांगला आणि आपला वाईट असेल तर साच्याकडे वळावे.

यंत्र प्रत्येक अक्षराला गुणांक देते. २० गुण म्हणजे चुकीची शक्यता शंभरात एक, ३० म्हणजे हजारात एक. हे गणित शिखरांच्या आकारावर आणि अंतरावर बसवलेले आहे. रसायन बदलले की आकार बदलतात, म्हणून नव्या रसायनांचे गुणांक जुन्यांशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये. एकूण गुणांक चांगला असूनही ठरावीक शेजारात एखादे अक्षर सतत दबलेले राहू शकते, आणि आजाराचे अक्षर नेमके तिथेच असू शकते.

म्हणून या कामाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना एक विनंती. प्रयोगशाळांनी अहवालात अक्षरांसोबत आलेख द्यावा, आणि किटचे नाव, आवृत्ती व लॉट क्रमांकही नोंदवावा. डॉक्टरांनी आणि संशोधकांनी तो आलेख मागून घ्यावा, संशयाच्या जागी दोन्ही धाग्यांचे वाचन झाले आहे का ते विचारावे. आणि विद्यार्थ्यांनी पहिला धडा अक्षरे नोंदवण्याचा न घेता शिखरे वाचण्याचा घ्यावा. एका अक्षरावर एखाद्या कुटुंबाचे निर्णय ठरणार असतील, तर ते अक्षर कोणत्या रसायनांनी वाचले, हे सांगण्याची जबाबदारी वाचणाऱ्याची आहे.